नानांचं पांढरं

परवा घरी नवा मॉनिटर आला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, शंभर कोटींहून जास्त रंग. वाचून मी एकटाच हसत सुटलो. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, ह्या लोकांनी रंग मोजले, पण पांढरे किती ते कुठंच लिहिलं नाही. पांढरे सोळा असतात. खामगावच्या पुंडलिक गावंड्यांनी, म्हणजे आमच्या नानांनी, ते मला एकेक करून दाखवले, आणि त्यातले निम्मे मला अजूनही दिसत नाहीत, हे इथंच कबूल करून टाकतो.

नानांची पहिली गाठ पडली ती संतोषच्या दुकानात. संतोष खामगावात कॉम्प्युटर जोडून विकतो. मी तेव्हा मोताळ्याला पंचायत समितीत कारकून. आठवडाभर घरकुलाच्या फायली, आणि रविवारी सकाळी एसटी धरून संतोषचं दुकान. गेम खेळायला फर्मास मॉनिटर घ्यायचा होता. नेटवर इतकं वाचलं होतं की जगात आपल्याइतकं पॅनलमधलं कुणालाच कळत नाही अशी माझी खात्री झालेली. संतोषनं दोन मॉनिटर चालू करून ठेवले, मी एकावर बोट ठेवलं, आणि मागून आवाज आला, "थो नका घेऊ साहेब. थो पांढरा नोहे."

वळून पाहिलं तर साठी उलटलेला माणूस. स्वच्छ पायजमा, स्वच्छ सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी प्लॅस्टिकची छोटी पिशवी. पिशवीतून त्यांनी रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, पुंजका काढला, दोन बोटांत धरून जरा ताणला आणि स्क्रीनच्या काठाला लावला. कुणी न सांगता संतोषनं ट्यूबलाइट बंद केली आणि शटर पूर्ण वर ढकललं. म्हणजे हा प्रकार तिथं नेहमीचा होता.

"पाहा. माह्या हातातला दुधाचा पांढरा हाय. स्क्रीनमधला सायीचा हाय. दिसून राह्यलं का?"

"काका, रेटिंग चांगलं आहे ह्याचं."

"रेटिंग कंपनीनं देल्लं. पाहनार तुमी हाय ना?"

मी चिडलो. माझा स्वभावच तसा आहे. कुणी बरोबर बोललं की मला जास्त राग येतो. हट्टानं तोच मॉनिटर उचलला. घरी आणला आणि झाली पंचाईत. जे पांढरं दिसेल ते मला साय वाटायला लागलं. ढग साय, भिंत साय, साहेबांनी पाठवलेलं परिपत्रकही साय. पुढच्या रविवारी मुकाट्यानं खोकं घेऊन परत गेलो. संतोषनं बदलून दिला. नाना कोपऱ्यात चहा पीत होते. त्यांनी "सांगितलं होतं ना" असं म्हटलं नाही. ते म्हणाले असते तर बरं झालं असतं.

नाना जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात तिथं, ग्रेडर होते, रुईची प्रत ठरवणारे. उभी हयात त्यात गेली. गाठीतून रुईचा नमुना ओढायचा, उत्तरेच्या खिडकीत जायचं, आधी उजवा डोळा झाकून पाहायचं, मग डावा, मग दोन्ही उघडे. मग बोलायचं. ते एकदा बोलले की त्यावर पार्टी सौदा करायची. आणि त्या जिनिंगमध्ये एक रिवाज होता. ग्रेडर चुकला असं निघालं तर ती गाठ दुसऱ्या कुणी उघडायची नाही. ग्रेडरनंच स्वतःच्या हातानं पट्ट्या तोडून, सगळ्यांसमोर गाठ उघडायची आणि म्हणायचं, चूक माझी. नानांवर अशी पाळी दोनदा आली होती. दोन्ही वेळी कोण कोण उभं होतं, ते नावानिशी सांगायचे.

पुढं रुईचा रंग सांगणारं मशीन आलं आणि नानांना नारळ मिळाला. दुसरा माणूस मशीनला शिव्या देत बसला असता. नाना तीन दिवस त्या मशीनजवळ उभे राहिले. आकड्यांशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. त्यांना मशीनला जोडलेला पडदा आवडला. "काचेत इतका चांगला पांढरा म्या पाह्यलाच नोता," ते सांगायचे. तिथून जे वेड लागलं ते लागलंच. घरी जुना कॉम्प्युटर आणला, उघडला, जोडला, पुन्हा उघडला. प्रोसेसरवर लावायची पेस्ट तुरीच्या दाण्याएवढीच लावायची हा त्यांचा कायदा. कुणी जास्त लावली तर म्हणायचे, "काऊन बे, पुरनपोळीवर तूप वाढून राह्यला का?" पंख्याला कान लावून सांगायचे, बेअरिंग गेलं. गेलेलं असायचंच.

दुकानात पाय ठेवताच पहिला प्रश्न, "आज भाव काय?" भाव म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा. घासाघीस तोंडानं करणं त्यांना पसंत नव्हतं. जुन्या व्यापाऱ्यांसारखा संतोषचा हात दुपट्ट्याखाली घ्यायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचे. संतोष कळवळायचा. नेटवर भाव ढळढळीत लिहिलेला असताना हे दोघं काउंटरवर दुपट्टा पसरून गंभीर चेहऱ्यानं बसलेले, आणि आम्ही सहासात जण श्वास रोखून बघतोय. मध्यंतरी मेमरीचे भाव भडकले तेव्हा नानांनी सल्ला दिला, "थांबा. आवक यिऊ द्या." आम्ही थांबलो. आवक काही आली नाही आणि भाव आणखी वर गेले. नाना पोट धरून हसले. भावात ते कैकदा चुकले आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. पांढऱ्यात मात्र कधी चुकले नव्हते.

म्हणून आमच्यात कुणीही मॉनिटर घेतला की तो नानांकडून लावून घ्यायचा. नाना घरी यायचे, खिडकी उघडायला लावायचे, पुंजका धरायचे, मॉनिटरची बटणं दाबत लाल, हिरवं, निळं कमीजास्त करायचे. मनासारखं झालं की मॉनिटरच्या पाठीवर पेन्सिलीनं "ना." असं लिहायचे, गाठीवर लिहीत तसं. त्या "ना."ला आमच्यात कंपनीच्या वॉरंटीपेक्षा जास्त किंमत होती.

आणि गेम. नानांचा गेम बघण्यासारखा होता. एका गेममध्ये बर्फाचे डोंगर होते, त्यात तलवार घेऊन शत्रू कापायचे. नाना कुणाला कापत नसत. डोंगरावर चढायचे आणि उभे राहायचे. मागून शत्रू यायचा, आम्ही ओरडायचो, "नाना, मागं पाहा," आणि नाना म्हणायचे, "थांबा बे. बरफ पाहू द्या." मग मरायचे. आठ वर्षांच्या ओळखीत त्यांनी त्या गेमचा पहिला टप्पा ओलांडला नाही.

मग कापूस बिघडला. म्हणजे नाना म्हणायला लागले की बिघडला. दरवर्षी हंगामाच्या सुरवातीला ते बाजार समितीच्या आवारातून नवा पुंजका आणायचे, कारण जुना ठेवून ठेवून पिवळा पडतो. एका वर्षी रिकाम्या हातानं आले. "ह्या साली मालच पिवया हाय. अवकाळीनं मारला." पुढच्या वर्षी तेच. पिशवीतला पुंजका खिशात तसाच राहिला, पण ते तो बाहेर काढेनात. "आता कायले पाह्यजे पुंजका? मले याद हाय ना पांढरं." मग एक दिवस म्हणाले, गेमवाल्यांनी अपडेट देऊन बर्फ खराब केला. मला तो बर्फ चांगला दिसत होता. पण सोळा पांढऱ्यांतले निम्मे ज्याला दिसत नाहीत त्यानं बोलावं कशाला, म्हणून गप्प बसलो. तीन हंगाम असे गेले. त्या तीन हंगामांत नानांनी चौदा मॉनिटर आठवणीवर लावले. त्यात एक माझाही होता.

एका रविवारी वर्षाताई दुकानात आल्या. खामगावच्या फरशी भागात त्यांचा फोटो स्टुडिओ. एकट्या बाईनं उभा केलेला. आमच्या टोळीत सगळ्यात ताकदवान कॉम्प्युटर त्यांचाच, आणि मॉनिटर अर्थातच "ना." लिहिलेला. त्यांनी काउंटरवर लग्नाचा अल्बम ठेवला.

"पाहा बरं सगळे जण. अकोल्याच्या मोठ्या स्टुडिओवाल्या पार्टीनं वापस केला."

उघडला. नवरी पिवळी, नवरदेव पिवळा, भटजी पिवळे. अंतरपाट तर बघवत नव्हता.

"लग्न लागलं तरी हळद उतरली नाही वाटतं," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

"माझ्या स्क्रीनवर अंतरपाट पांढराशुभ्र आहे," ताई म्हणाल्या. "दोन वेगवेगळ्या लॅबमधून छापून आणला. दोन्हीकडं असाच. हा नमुना होता. पसंत पडला असता तर सगळ्या सीझनचे अल्बम मलेच भेटत होते. एक महिना थांबतो म्हणाले, मग दुसऱ्याले देतो."

दुकानात कुणीच नानांकडं पाहिलं नाही, आणि तेच त्यांच्या लक्षात आलं.

"स्क्रीन म्या लावली हाय," ते म्हणाले. "थे चुकू शकत नाई."

"पुंजका धरून लावली होती का?" माझं तोंड नेमकं नको तेव्हाच उघडतं.

"पुंजका पिवया हाय म्हनून तर नाई धरला."

"मग कशावरून लावली?"

नाना उठले. "चाला स्टुडिओत. तुमाले दाखवतोच कापूस कसा झाला थो."

वाटेत संतोष शेजारच्या जिनिंगमध्ये शिरला आणि मूठभर ताजी रुई घेऊन आला. स्टुडिओत नानांनी खिडकी उघडली, रुई ताणून उजेडात धरली. "सांगा, पिवया हाय का नाई?"

"पांढरा आहे नाना," ताई हळूच म्हणाल्या. संतोषही तेच म्हणाला. मला तर पांढऱ्याखेरीज काही दिसतच नाही.

नानांच्या कपाळावर आठ्या पडल्या. आणि मग, हात आपोआप जावा तसा, त्यांनी उजवा डोळा झाकला. मग डावा. मग पुन्हा उजवा. तीन हंगाम त्यांनी हे केलं नव्हतं. कितीतरी वेळ एक डोळा, दुसरा डोळा, असं चाललं होतं. मग पासपोर्ट फोटोसाठी गिऱ्हाइकाला बसवतात त्या स्टुलावर ते जाऊन बसले.

"एकाच पुंजक्यात दोन पांढरे दिसून राह्यले," ते म्हणाले. "उजव्यानं तर पिवयाच हाय." रुई मांडीवर ठेवली. "माल खराब नाई. ग्रेडर खराब झाला."

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. डोळ्यावर पिवळा पडदा चढत गेला. नानांना स्क्रीन पिवळट दिसे, म्हणून ते निळा रंग वाढवून ठेवत. त्या निळ्या स्क्रीनवर वर्षाताईंना फोटो निळे दिसत, म्हणून त्या पिवळा वाढवत. कागदावर छापलं की ते पिवळं उघडं पडे. इतकं सरळ होतं, आणि चौदा घरांतल्या चौदा शहाण्यांपैकी एकालाही शंका आली नाही, कारण मागं "ना." लिहिलेलं होतं.

त्या स्टुलावर बसलेल्या नानांना पाहून मला वाटलं, आता ते खचतील. ज्या माणसाकडं डोळ्याखेरीज दुसरं काही नाही त्याचा डोळाच गेला म्हटल्यावर काय राहिलं? मी पुटपुटलो, "वयाप्रमाणं होतंच नाना." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जीभ चावली.

"ताई, महिना म्हनले ना थे?"

"हो नाना."

"तवरोक गाठ उघडून देतो. माही गाठ हाय."

दोन वर्षांपासून नानी त्यांच्या मागं लागल्या होत्या, डोळे दाखवा म्हणून. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळायचं, "माह्या डोयाले काय धाड भरली?" आता सोमवारी सकाळी नाना नानींच्या आधी दवाखान्यात जाऊन बसले. त्याच आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या सकाळी मी सुट्टी टाकून गेलो होतो. डॉक्टरांनी पट्टी काढली, कापसानं डोळ्याचा कोपरा पुसला. नानांनी पहिलं काय केलं असेल, तर तो कापूस मागून घेतला आणि दूर धरून पाहिला.

"ब्लीच केला हाय. ह्याले पांढरा नाई म्हनत."

डॉक्टर हसायला लागले. मग नानांची नजर नानींकडं गेली आणि तिथंच थांबली.

"तुह्ये केस इतके पांढरे कधी झाले वं?"

"तुमालेच आत्ता दिसले," नानी म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपायला लागल्या. मी बाहेर जाऊन चहा सांगितला.

गंमत म्हणजे नव्या डोळ्यानं त्यांना सगळं निळसर दिसायला लागलं. संतोष घायकुतीला आला, महिना संपत चाललाय, चला आता. नाना ढिम्म. "एकदा घाई केली, भोगून राह्यलो. डोया बसू द्या." रोज सकाळी खिडकीत बसून ताजा पुंजका पाहायचे आणि मान हलवायचे. बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी काळा चष्मा लावून स्वतःच स्टुडिओत आले, चष्मा कपाळावर चढवला, डावा डोळा हातानं झाकला आणि वर्षाताईंचा मॉनिटर लावायला बसले. एका हातात पुंजका आणि दुसऱ्या हातानं डोळा झाकलेला, म्हणून बटणं ताईंनी दाबायची. "निया कमी. अजून कमी. बस. एक वापस." झालं तेव्हा पाठीमागची जुनी "ना." त्यांनी खोडरबरानं पुसली. नवी लिहिली.

ताईंचं काम झालं, पण नाना घरी बसले नाहीत. राहिलेली तेरा घरं त्यांनी पालथी घातली. साखरखेर्ड्याला एक मास्तर होते, तिकडंही एसटीनं गेले. मोताळ्याला माझ्याकडं आले तेव्हा दारातच म्हणाले, "घरच्या सगळ्याईले बोलवा." बायको, आई, शेजारचे काका, सगळे जमले. आमच्या आईला मॉनिटर कशाशी खातात ते ठाऊक नाही. तिच्यासमोर हात जोडून नाना म्हणाले, "तीन सालापासून ह्या घरात निया उजेड लावून ठेवला म्या. चूक माही." आई म्हणाली, "बसा, पोहे खाऊन जा." मला त्या दिवशी ह्या माणसाचा फार अभिमान वाटला. आमच्या ऑफिसात चूक झाली की ती आधीच्या टेबलावर ढकलायची पद्धत आहे. मी स्वतः त्यात तरबेज आहे. इथं एक माणूस पदरचं तिकीट काढून, दुखऱ्या डोळ्यानं, गावोगाव चूक कबूल करत फिरत होता, आणि फिरताना वाकलेला नव्हता, उलट आणखी ताठ दिसत होता.

मुदतीला चार दिवस राहिले तेव्हा नवा अल्बम छापून आला. ताईंनी पाकीट फोडलं नव्हतं. रविवारी दुकानात, सगळ्यांसमोर, नानांच्या हातात दिलं. संतोषनं ट्यूबलाइट बंद केली, शटर वर केलं. नानांनी पानं उलटली. नवरी नवरीसारखी होती. अंतरपाटाचं पान आलं. त्यांनी पुंजका काढला, ताणला, कागदावरच्या अंतरपाटाशेजारी ठेवला. आम्ही सगळे वाकलो. मला, ज्याला निम्मे पांढरे दिसत नाहीत त्याला, कळेना की पुंजका कुठं संपतो आणि अंतरपाट कुठं सुरू होतो.

"दुधाचा," नाना म्हणाले. इतकंच.

अल्बम त्याच दुपारी अकोल्याला गेला. तिसऱ्या दिवशी ताईंना फोन आला. काम मिळालं, अख्ख्या सीझनचं. आणि वर पार्टीनं विचारलं की हा कुणी लावलेल्या स्क्रीनवर बनवला, आमच्याकडं नऊ स्क्रीन आहेत, तो माणूस येईल का? ताईंनी फोन नानांच्या कानाला लावला.

"यीन ना," नाना म्हणाले. "पन खिडकी पाह्यजे. अन् सकायची टाइम पाह्यजे."

पुढच्या रविवारी दुकानात पेढे वाटले. संतोषनं नानांच्या गळ्यात उगीचच एक केबल हारासारखी घातली. नानांनी ती दिवसभर काढली नाही.

पुढं माझी बदली जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला झाली आणि रविवारचं खामगाव सुटलं. निघण्याआधी एकदा भेटून यावं म्हणून गेलो. नानांच्या डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन होऊन महिना झाला होता. सकाळची वेळ, शटर पूर्ण वर, संतोषच्या सगळ्यात मोठ्या मॉनिटरसमोर नाना बसलेले. तोच गेम, तोच डोंगर. मी दारातच थांबलो. मागून शत्रू चढत येत होता, आणि पोरं ओरडत होती, नाना, पळा.

नानांनी कीबोर्डवरचा हात उचलून उजवा डोळा झाकला. मग डावा. शत्रूनं तलवार घातली, पडदा लाल झाला, खेळ संपला. नानांनी पुन्हा सुरू केला, पुन्हा डोंगरावर चढले, पुन्हा एक डोळा, मग दुसरा. मग वळून माझ्याकडं पाहिलं, आणि इतकं हसले की मला त्यांचे सगळे दात दिसले.

"एकच हाय बे," ते म्हणाले. "दोन्हीत एकच पांढरा हाय."